खबर नाही तर खुशाल

"म्हणजे बघा," मी फळ्यावर खडू आपटत ओरडले, "तुमचा माणूस परगावी गेलाय. आठ दिवस झाले, फोन नाही. तुमच्या जिवाला घोर. तेव्हा शेजारीण काय म्हणेल? नो न्यूज इज गुड न्यूज. वाईट काही झालं असतं तर एव्हाना कळलं असतं. खबर नाही तर खुशाल समजा."

मी रागावून ओरडत नव्हते. धामणकर नाक्यावरच्या आमच्या क्लासच्या भिंतीला लागून सोळा लूमचा कारखाना होता आणि त्याच्या खडखडाटापुढे माझा आवाज म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. वरच्या मजल्यावरची ती खोली माझ्या सासऱ्यांची, केसरीनाथ पाटलांची. जमीन गोदामांना गेल्यापासून त्यांना कशाचीच तोशीस उरली नव्हती आणि सुनेचा इंग्रजीचा क्लास हा त्यांच्या मते 'विनिताचा टाइमपास' होता. टाइमपास तर टाइमपास. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारी अकरा मोठी माणसं रोज संध्याकाळी साडेपाचला तिथे जमत. त्यातली नऊ इंग्रजीला घाबरत आणि उरलेली दोन त्या दिवशी आलेली नसत.

म्हणींच्या प्रश्नाला चार मार्क असत. अर्थ सांगा आणि स्वतःच्या वाक्यात उपयोग करा. माझी पद्धत अशी, की प्रत्येक इंग्रजी म्हणीला शेजारी एक मराठी म्हण बसवून द्यायची, म्हणजे माणूस बिचकत नाही. 'एम्प्टी व्हेसल्स'ला 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही जोडी तर आयती मिळते. या म्हणीला मात्र जोडीदार सापडेना. मग मीच जुळवून दिला, 'खबर नाही तर खुशाल'. सगळ्यांनी तो पिढ्यानपिढ्या चालत आल्यासारखा वहीत उतरवून घेतला आणि मीही काही बोलले नाही.

"आमच्या शेटचं उलटं हाय मॅडम," मागून रघू म्हणाला. रघू लूमवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम ठाकठीक करणारा, आणि क्लासमधला हजरजबाबी. "पार्टीचा फोन नाय आला का शेट बोलतो, मर गये, माल वापस आ रहा है."

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर दुसऱ्या बाकावरून द्रौपदीताईंनी हात वर केला. त्या क्वचितच हात वर करत.

"मॅडम, आनि खबर आली, पन कोनी वाचलीच न्हाय, तर?"

मला तेव्हा गंमत करायची लहर आली होती. "वाचली नाही म्हणजे आलीच नाही," मी ओरडले, "म्हणजे गुड न्यूजच." आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. बोलाफुलाला गाठ म्हणतात तशी. सोळाच्या सोळा लूम एकदम थांबले आणि माझं ते वाक्य रिकाम्या खोलीत भांडं पडावं तसं वाजलं. पुन्हा सगळे हसले. द्रौपदीताई हसल्या नाहीत. खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे वही तिरपी धरून त्यांनी माझं वाक्य म्हणीच्या खाली लिहून घेतलं.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या जुलैमधली.

द्रौपदीताईंबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि त्यांचीही काही सांगण्याची इच्छा दिसत नसे. वय अडतीस-एकोणचाळीस. एका खाजगी शाळेत बालवर्गाच्या आया होत्या. मुलांच्या नाड्या बांधायच्या, ओकाऱ्या पुसायच्या, डब्यांची झाकणं उघडून द्यायची, कुणी चड्डीत केली तर धुऊन आणायचं. माहेर अंबाडीकडचं, शिक्षण तिथेच आठवीपर्यंत. शाळेने सांगितलं होतं, दहावी पास व्हा, मग शिपाई म्हणून कायम करू. म्हणून त्या माझ्याकडे आल्या. घरी म्हातारे सासरे आणि नववीतली मुलगी धम्मदिना. नवरा मिलिंद ट्रकवर ड्रायव्हर. कापडाच्या गाठी घेऊन कलकत्त्याच्या लाइनला जायचा, तो नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरात गेला. पहिले काही महिने शेजारच्या एसटीडीवर फोन यायचे, मग तेही थांबले. ट्रकचा मालक म्हणाला, गाडी तिकडेच दुसऱ्याच्या ताब्यात देऊन तो निघून गेला, आम्हाला काय ठाऊक. कुणी विचारलं की द्रौपदीताई म्हणत, "तिकडंच ड्युटी हाय." सात वर्षांची ड्युटी. विचारणारा पुढे विचारत नसे.

त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि रडतानाही नाही. रघू म्हणायचा, द्रौपदीताईंना शॉक लागला तरी त्या आधी बटन बंद करतील आणि मग ओरडायचं का नाही ते ठरवतील. मला ते तेव्हा फार विनोदी वाटलं होतं. एकदा शाळेत जिन्यावरून पडून एका पोराचा हात मोडला, तर त्याला कडेवर घेऊन त्या धावत दवाखान्यात गेल्या आणि तिथून थेट क्लासला आल्या. ओच्यावर रक्त तसंच. मी घाबरून विचारलं तर म्हणाल्या, "माझं न्हाय," आणि वही उघडली.

त्या म्हणीच्या आठवड्यानंतर त्या मला शब्द विचारू लागल्या.

क्लास सुटला की बाकीचे जिना उतरेपर्यंत त्या थांबत. मग एक शब्द विचारत. एका दिवशी एकच. स्पेलिंग सांगत, अर्थ ऐकत, तळहातावर पेनाने टिपून घेत आणि जात. पहिल्यांदा 'रिलेटिव्ह' विचारला. मी म्हटलं, नातेवाईक. दुसऱ्या दिवशी 'बिलॉंगिंग्ज'. मी म्हटलं, एखाद्याच्या मालकीच्या वस्तू, सामान. मग 'अनकॉन्शस'. मग 'अ‍ॅड्रेस', जो त्यांना येत होता तरी विचारला. मग 'क्लेम', मग 'फेलिंग विच', ज्याचा अर्थ सांगताना मलाच दोन मिनिटं लागली. "नाहीतर," मी शेवटी म्हटलं, "अमुक करा, नाहीतर तमुक होईल, असं."

एकही शब्द आमच्या पुस्तकातला नव्हता. मला वाटलं, शाळेच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं येतात, त्यात बघत असतील. मनातून मी खूशच झाले. अभ्यासाबाहेरचं शिकू पाहणारी विद्यार्थिनी कुणाला नको असते? मी घरी नवऱ्याला, मनोजला, सांगितलंसुद्धा, की बघ, माझा टाइमपास कसा रुजतोय.

एकदा म्हटलं, "द्रौपदीताई, घरी धम्मदिना आहे की नववीतली. तिलाही विचारत जा, तेवढीच तिची उजळणी."

"ती ल्हान हाय," त्या म्हणाल्या.

चौदा वर्षांची मुलगी 'बिलॉंगिंग्ज'चा अर्थ सांगायला लहान कशी, हे मला विचारावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

डिसेंबरात शब्द थांबले. मी एकदा आठवण केली, आज शब्द नाही का? त्या म्हणाल्या, "संपले, मॅडम." मला वाटलं, परीक्षा जवळ आली, आता पुस्तकातलंच करत असतील.

फेब्रुवारीत त्या आठ दिवस आल्या नाहीत. परीक्षा तोंडावर आलेली, त्यांचं हॉल तिकीट माझ्याकडे येऊन पडलेलं. रघूने खबर आणली, की सासऱ्यांच्या छातीत पाणी झालं होतं, दवाखान्यातून परवा घरी आणलंय. रविवारी सकाळी मी हॉल तिकीट पर्समध्ये घालून नाक्यावरून शेअर रिक्षा पकडली.

खाडीच्या बाजूची वस्ती. विहाराच्या मागे पत्र्याची बैठी चाळ, त्यातली शेवटून दुसरी खोली. ओटा धुतलेला, दाराशी तुळशीच्या कुंडीऐवजी ओवा लावलेला. द्रौपदीताई तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या, खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "बसा. च्या ठेवते." मी आल्याचं त्यांना बरं वाटलं की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळायची सोय नव्हती.

खाटेवर त्यांचे सासरे उशीला टेकून बसले होते. कोंडूआबा. चाळीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, त्यामुळे कानांनी अधू. तसल्या माणसांशी मोठ्याने बोलावं लागतं आणि तीही आपल्याशी मोठ्याने बोलतात. हाडांचा सापळा उरला होता, पण आवाज कारखान्यातलाच होता.

"कोन? विंग्रजीच्या बाई का?" ते ओरडले. "द्रौपदी सांगत असती तुमचं. ते तुमी शिकवलं ना, खबर न्हाय तर खुशाल. विंग्रज लोक पन तसंच बोलतात म्हने."

"हो आबा," मी ओरडले, "बोलतात."

"लय ब्येस हाय ते. मी रोज बोलतो. रातच्याला झोप न्हाय आली का बोलतो, खबर न्हाय तर खुशाल. मिलिंद्या हाय कुटं तरी. मग झोप लागती."

मला आपण जुळवलेली म्हण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कौतुक वाटायला हवं होतं. का कोण जाणे, वाटलं नाही. द्रौपदीताई माझ्याकडे पाठ करून स्टोव्हला पिन मारत होत्या.

"पन बाई, आता मी काय फार दीस न्हाय," आबा म्हणाले. "डाक्टर बोलला न्हाय, पन मला समजतं. मरताना खुशाल समजून चालत न्हाय. नक्की म्हाईत पायजे. आज तुमी घरात आल्याव. तर एक काम करा. द्रौपदी, ते पत्र दे बाईंना."

द्रौपदीताईंचा हात थांबला.

"कोणतं पत्र?" मी विचारलं.

मग आबांनीच सांगितलं. दोन हजार एक सालच्या गणपतीत पोस्टमनने एक लांब पाकीट आणून दिलं होतं. द्रौपदी शाळेत होती, पोर आठ-नऊ वर्षांची. आबांनीच अंगठा देऊन घेतलं आणि फोडलं. आत टाइप केलेला विंग्रजी कागद. आबांना मराठीही वाचता येत नव्हतं, पण पत्र बघायचं कसं ते त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

"आपल्यात मयताची खबर कशी धाडतात, तुमाला म्हाईत हाय ना? पत्राचा कोपरा फाडून. पोस्टमननं हातात दिलं का पैले कोपरं बगायची. एक जरी फाटला असला तर वाचायची पन गरज न्हाय, दारातच रडारड. माझ्या बापाची खबर तशीच आली व्हती, भावाची पन. तर मी काय केलं, तो कागुद खिडकीपाशी नेऊन नीट बगितला. चारी कोपरे धड. पाकिटाचे पन धड. मी बोललो, बरं झालं. कंपनीचा कागुद असंल. द्रौपदी आली तसं तिला बोललो, पोरी, चारी कोपरे धड हायत, वाईट काय न्हाय."

ही रीत मला काही नवी नव्हती. माझ्या माहेरी तसलं कार्ड कुणी उंबऱ्याच्या आत आणत नसे. बाहेरच वाचायचं आणि बाहेरच फाडून टाकायचं. मी लहान असताना एकदा खेळता खेळता एका साध्या कार्डाचा कोपरा माझ्या हातून फाटला, तर आजीने मला बदडून काढलं होतं. म्हणून आबांनी काय केलं ते मला लगेच कळलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, हेही कळलं.

"मग कुणाकडून वाचून नाही घेतलं?" मी विचारलं, आबांना, पण पाहिलं द्रौपदीताईंकडे.

"वाईट न्हवतं, मग घाई कसली," आबा म्हणाले. "द्रौपदी बोलली, घेते वाचून कोनाकडून तरी. मग राहून गेलं."

साडेपाच वर्षं राहून गेलं होतं.

द्रौपदीताईंनी हात पदराला पुसले. फळीवरचा पिठाचा डबा बाजूला करून त्यामागची बिस्किटांची पत्र्याची पेटी काढली, तिच्यातून पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. उघडताना मी नकळत आधी कोपरेच पाहिले. धड होते.

कागदावर ओरिसातल्या एका सरकारी दवाखान्याचा शिक्का होता. बारा ओळी. जवळजवळ प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी शब्द लिहिलेला होता. ते अक्षर मी वर्षभर तपासत आले होते. नातेवाईक. सामान. बेशुद्ध. ताब्यात घेणे. नाहीतर, अमुक करा नाहीतर तमुक होईल. माझ्याच तोंडचे शब्द तिथे एकाशेजारी एक बसले होते आणि आता त्यांचं पत्र झालं होतं. मिलिंद कोंडू, वाहनचालक, वय सुमारे पस्तीस, यांना नऊ ऑगस्टला तापाने बेशुद्ध अवस्थेत इथे आणण्यात आले. अकरा ऑगस्टला पहाटे ते मरण पावले. खिशातल्या लायसनवर हा पत्ता मिळाला. नातेवाइकांनी पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत येऊन देह आणि सामान ताब्यात घ्यावे, नाहीतर अंत्यविधी दवाखान्यातर्फे करण्यात येईल. सामान, एक लायसन, एक मनगटी घड्याळ, एक चादर.

एकाच शब्दावर पेन्सिल नव्हती. 'डाइड'. तो विचारायची त्यांना गरज पडली नव्हती. क्रियापदांच्या तक्त्यात मी तो पहिल्याच महिन्यात घोकून घेतला होता. डाय, डाइड, डाइड.

जुलैतला तो विनोद मला आठवला आणि अशी लाज वाटली, की त्या खोलीत मान वर करवेना. त्या बाईने मला सरळ विचारलं होतं, खबर आली पण वाचली नाही तर. मी तिला गुड न्यूज म्हणून मोकळी झाले होते. आणि मग सहा महिने, रोज एक एक शब्द मोजून, तिच्या नवऱ्याचं मरण मीच तिला शिकवत होते, एक डोळा घड्याळावर ठेवून. मुलीला ती का विचारत नव्हती, तेही तेव्हा कळलं.

"काय बाई?" आबा ओरडले. "वाचा ना."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, मला आजही सांगता येणार नाही. कंपनीचा कागद आहे, असं काहीतरी बोलले असते बहुतेक. तेवढ्यात द्रौपदीताई माझ्या खुर्चीशी वाकून हळूच म्हणाल्या, "मॅडम, आय नो. ही डोन्ट नो."

वर्षभरात त्यांनी स्वतःहून बोललेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य. आबांना कमी ऐकू येत होतं, मराठीत पुटपुटल्या असत्या तरी त्यांना कळलं नसतं. पण मराठीत त्यांना ते म्हणायचं नव्हतं. दुसऱ्या वाक्यातली चूक मी सुधारली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डिसेंबर."

"मग आबांना..."

"त्यांना झोप लागत व्हती," त्या म्हणाल्या.

"काय चाललंय?" आबा म्हणाले. "मला समजंल असं बोला."

द्रौपदीताईंनी स्टोव्ह बंद केला. माझ्या हातातून कागद घेतला. मला वाटलं, परत पेटीत ठेवणार. पण त्या खाटेच्या कडेला आबांच्या उजव्या कानाशी बसल्या, कारण त्याच कानाने थोडं ऐकू येत असे, आणि पत्र वाचू लागल्या. इंग्रजीत, जसं होतं तसं. क्लासमध्ये उभं राहून धडा वाचत त्याच आवाजात, चढ नाही उतार नाही, स्वल्पविरामापाशी थांबत, पूर्णविरामापाशी जरा जास्त थांबत. 'अनकॉन्शस' नीट म्हटला. 'फेलिंग विच' नीट म्हटलं. पंधरा दिवसांच्या वाक्यावरूनही त्या न अडखळता गेल्या. एक लायसन, एक घड्याळ, एक चादर. खालच्या सहीच्या साहेबाचं नावसुद्धा वाचलं.

आबा ऐकत होते. आपली सून इंग्रजी वाचते याचा त्यांना त्या घडीलाही अभिमान वाटत होता, तो चेहऱ्यावर दिसत होता. मला तो बघवेना.

"ब्येस वाचलंस," ते म्हणाले. "आता अर्थ सांग."

"मिलिंद वारले, आबा."

"आँ?"

त्यांना ऐकू गेलं नव्हतं. द्रौपदीताईंना ते पुन्हा सांगावं लागलं, आणि या वेळी ओरडून. "धम्मीचे पप्पा वारले. दवाखान्यात. ताप आला व्हता. अकरा ऑगस्टला, दोन हजार एक साली."

शेजारच्या खोलीत वाजत असलेला रेडिओ कुणीतरी बंद केला. चाळीत आता सगळ्यांना कळलं होतं. कुणी आलं नाही, बहुतेक दाराबाहेर उभे असतील.

त्या पुढे सांगत राहिल्या. खिशातलं लायसन, त्यावरून पत्ता, दवाखान्याच्या लोकांनी सगळं रीतसर केलं, सामान तिथेच राहिलं. पंधरा दिवसांचं वाक्य मात्र त्यांनी मराठीत आणलंच नाही. परीक्षेत एक वाक्य गाळलं म्हणून मी मार्क कापले असते. इथे मी खाली बघत राहिले.

आबांनी हात पुढे केला, पत्र घेतलं आणि चारी बाजूंनी अंगठा फिरवत फिरवत पाहिलं.

"कोपरं तर धड हायत," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच बारीक आला होता.

"तिकडं ती रीत न्हाय, आबा."

"न्हाय?"

"न्हाय. तिकडच्या लोकांना म्हाईत न्हाय."

आबांनी मान डोलावली. समजल्यासारखी, एखाद्या नवख्या कामगाराने चूक केली आणि ती त्याची चूक नव्हती असं कळावं, तशी. रडले नाहीत. मला वाटलं होतं, ओरडतील, सुनेला बोलतील, इतकी वर्षं का नाही वाचलंस म्हणून. द्रौपदीताईही त्याचीच वाट बघत असाव्यात, कारण त्या पाठ ताठ करून बसल्या होत्या. पण आबांनी तसलं काही विचारलं नाही. त्यांनी पत्र उलगडलेलंच सुनेकडे परत दिलं.

मी पर्समधून हॉल तिकीट काढलं आणि पुन्हा आत ठेवलं. तिथे ते कुठे ठेवावं ते कळेना. उठावं, की थांबावं?

"द्रौपदी," आबा म्हणाले.

"जी."

"जेवला व्हता का तो, ते लिवलंय का?"

द्रौपदीताईंना ते पत्र पाठ होतं. त्यात काय आहे आणि काय नाही, हे त्यांच्याइतकं जगात कुणाला माहीत नव्हतं. त्या लगेच नाही म्हणू शकल्या असत्या.

त्यांनी कागद मांडीवर सपाट केला, पदराने डोळ्यांवरचा घाम टिपला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी मनातल्या मनात, एकेका शब्दाखाली बोट ठेवत. आबा त्यांच्या बोटाकडे बघत होते. बारा ओळी संपल्या तेव्हा त्यांनी कागद उलटा केला आणि मागची कोरी बाजूही वरपासून खालपर्यंत नीट पाहिली.